पंचविशीच्या आतले कागद

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)

समोर बसून एकीकडे ग्रुपवर फोटो टाकत असलेल्या माझ्या वर्गमित्र-मैत्रिणींनो,

संयोजकांनी मला विषय दिला होता ‘आयटी क्षेत्रातील माझी वाटचाल’. रोज हिंजवडीला जाणाऱ्या बाईची वाटचाल ती काय असणार? वाकडच्या पुलावर निम्मं आयुष्य गेलं, एवढीच. म्हणून मी विषय बदलून मागितला. त्यांनी तो दिला, आणि ‘जरा हलकंफुलकं ठेव’ असंही सांगितलं. प्रयत्न करते.

आपला वर्ग आठवा. टेल्को-बजाजवाल्यांची मुलं एका बाजूला. त्यांचे वडील शिफ्टला जायचे, दिवाळीला बोनस यायचा. पिंपरीहून येणारी दोघं-तिघं एचए कॉलनीतली. आणि आम्ही देहूरोडहून पीसीएमटीच्या बसने लोंबकळत येणारे फौजी. आमची ओळख सोपी होती. आम्ही वर्षाच्या मध्येच यायचो, दाखल्यावर झाशी नाहीतर पठाणकोट असायचं, आणि मराठीच्या तासाला आमच्या तोंडून मध्येच ‘मतलब’ निघायचं. मी आठवीत आले तेव्हा ही माझी पाचवी शाळा होती. बाईंनी मला पहिल्या बाकावर बसवलं आणि सांगितलं, ‘आता इथून हलायचं नाही.’ नाही हलले, बाई. तीस वर्षं झाली, अजून निगडीतच आहे.

तर त्याच वर्गातले चार-पाच जण बारावीच्या आसपास भरती झाले होते. हिशेब करा. शिपाई म्हणून गेलेला माणूस हवालदार होऊन चोवीस वर्षांची नोकरी पुरी करतो आणि चाळिशीतच पेन्शनवर घरी येतो. ती चोवीस वर्षं नुकतीच पुरी झाली आहेत. आज इथे कुणी चाकणला कंपनीच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर आहे, कुणी तळवड्याच्या गोदामात. आणि त्यांची मुलं आहेत दहावी-बारावीत, कॉलेजात, आयटीआयत. म्हणजे नेमक्या त्या वयात, जेव्हा मनाचे मोठे आजार बहुधा पहिल्यांदा डोकं वर काढतात. माझं आजचं बोलणं मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्याहून जास्त त्यांच्या बायकांसाठी, कारण घरातले कागद त्यांच्याकडे असतात.

ईसीएचएस हा शब्द तुम्हा फौजींना नवा नाही. माजी सैनिकांची ही आरोग्य योजना १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. त्यानंतर निवृत्त झालेल्या पेन्शनरला तिचं सभासद व्हावंच लागतं. तुमची वर्गणी निवृत्तीच्या वेळीच वळती झालेली आहे. बायको, मुलं, अवलंबून असलेले आईवडील त्यात येतात. आपण हे कार्ड गुडघे, मोतीबिंदू आणि आईच्या शुगरसाठी वापरतो. त्याच कार्डावर मानसोपचारही होतात, हे वाक्य मात्र पॉलिक्लिनिकच्या बाकावर मी कधी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. पॉलिक्लिनिकमध्ये मानसोपचारतज्ज्ञ बसलेला नसतो. तिथला मेडिकल ऑफिसर रेफरल देतो आणि मग लष्करी रुग्णालय किंवा यादीवरचं खासगी रुग्णालय. म्हणजे कुणासमोर तरी तोंड उघडून सांगावं लागतं.

आणि दुसरी गोष्ट वयाची. मुलगी लग्न होईपर्यंत किंवा कमावती होईपर्यंत कार्डावर राहते, वयाची अट नाही. मुलगा मात्र पंचविसाव्या वर्षी उतरतो. त्याआधी लग्न झालं किंवा नोकरी लागली तर तेव्हाच. कायमचं अपंगत्व असलेल्या मुलाला ही वयाची मर्यादा लागू नाही, आणि त्या अपंगत्वात मानसिक आजारही धरला जातो. प्रमाणपत्रावर किमान चाळीस टक्के लागतात. नियम एवढाच आहे. एका वाक्याचा. आमच्या घराला त्या वाक्यापर्यंत पोचायला सोळा वर्षं लागली.

माझा धाकटा भाऊ याच शाळेत होता, माझ्यामागे चार वर्षं. आज तुमच्यासमोर त्याच्याबद्दल बोलू का, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, ‘बोल, पण नाव घेऊ नकोस. आणि ताई, आंतरशालेय कॅरममध्ये मी दुसरा आलो होतो, ते सांग.’ सांगितलं.

२००६ मध्ये तो बावीस वर्षांचा होता. आयटीआय करून चाकणला एका प्रेस शॉपमध्ये कंत्राटी कामाला होता, तिसऱ्या पाळीला. आपल्याकडे कोण झोप नीट घेतं? त्यामुळे तो झोपत नाही, हे कुणाला वेगळं वाटलं नाही. मग तो म्हणायला लागला की प्रेस खाली येताना त्याचं नाव घेते. एका रात्री पाळी अर्धवट सोडून तो पायीच निघाला आणि सकाळी देहूत इंद्रायणीच्या घाटावर बसलेला सापडला. पायात सेफ्टी शूज, हातात टिफिन. आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया हे कळायला आणखी पाच महिने गेले.

तेव्हा तो कार्डावर होता! अण्णा, म्हणजे आमचे वडील, मराठा लाइट इन्फंट्रीतून १९९५ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झालेले. १ जानेवारी १९९६ च्या आधी निवृत्त झालेल्यांना ईसीएचएसची वर्गणीसुद्धा माफ होती. कार्ड घरात होतं, ट्रंकेत, कॅन्टीन कार्डाच्या शेजारी. अण्णांनी ते काढलं नाही. कारण विचाराल तर पॉलिक्लिनिकची रांग. त्या रांगेत सगळी ओळखीची माणसं. कुणी पलटणीतला, कुणी गावाकडचा, कुणी अण्णांबरोबर भोसरीला गेटवर ड्यूटी करणारा. ‘पोराला काय झालंय, हवालदारसाहेब?’ या प्रश्नाला अण्णांकडे उत्तर नव्हतं. त्यात माझं लग्न व्हायचं होतं. येरवड्याला तुरुंग आहे आणि मनोरुग्णालय आहे, आणि आपल्याकडे दोन्हींबद्दल एकाच दबक्या आवाजात बोलतात. म्हणून चिंचवडचा खासगी डॉक्टर, रोख पैसे, संध्याकाळी उशिराची वेळ. कारगिलच्या दिवसांत अण्णांचे जुने सोबती तिकडे होते तेव्हा रात्ररात्र रेडिओपाशी बसणारा हा माणूस. भित्रा म्हणावा असा मुळीच नाही. पण ती रांग त्यांना ओलांडता आली नाही.

२००९ मध्ये भाऊ पंचवीस वर्षांचा झाला आणि कार्डावरून उतरला. घरात कुणी काही बोललं नाही.

पुढची नऊ वर्षं औषधांचा खर्च अण्णांच्या गेटवरच्या पगारातून आणि माझ्या पगारातून चालला. मला वाटायचं, आपण आयटीत आहोत, कंपनीचा विमा आहे. त्या विम्यात नवरा बसतो, मुलं बसतात, आईवडील बसतात, जास्त हप्ता भरला तर सासू-सासरेही बसतात. भाऊ बसत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं असं त्यात आलं. चांगलंच झालं, पण मुळात जो पॉलिसीत नाही त्याला त्याचा काय उपयोग?

त्याच वर्षी अण्णांनी चाकणची ड्यूटी सोडली. वय सहासष्ट, गुडघे गेलेले. आणि त्याच वर्षी आपले पी.टी.चे सर घरी आले. सर, तुम्ही मान खाली घालू नका, हे मी सांगणारच आहे. सरांना भाऊ बसस्टॉपवर भेटला होता, त्यांनी त्याला लगेच ओळखलं आणि त्याच्याबरोबर चालत घरी आले. चहा झाला. अण्णांनी नेहमीचं सांगितलं, ‘जरा तब्येत बरी नसते त्याची.’ सर काही वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘हवालदारसाहेब, तुम्ही वीस-बावीस वर्षं गेटवर होता. रजिस्टरला नोंद नसलेला माणूस कधी आत सोडलात?’

अण्णा म्हणाले, ‘नाही.’

‘मग याची नोंद कुठे आहे?’

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी ट्रंक उघडली.

इथून पुढे माझं खातं सुरू होतं. पॉलिक्लिनिकमध्ये सांगितलं, मुलगा पंचविशीच्या पुढे आहे, अपंगत्वाचं कायमचं प्रमाणपत्र आणा, मग कार्ड. प्रमाणपत्राच्या खिडकीवर सांगितलं, सरकारी डॉक्टरचे उपचाराचे कागद आणा, खासगीवर भागणार नाही. लष्करी रुग्णालयाच्या खिडकीवर सांगितलं, कार्ड दाखवा, मग उपचार. आमच्या धंद्यात याला सर्क्युलर डिपेन्डन्सी म्हणतात. तिघंही बरोबर, आणि काम ठप्प. असा प्रोग्रॅम अडकला की त्या वर्तुळाबाहेरची, कुणावरच अवलंबून नसलेली एक गोष्ट शोधायची आणि तिथून आत शिरायचं. ती गोष्ट आपल्या पिंपरीतच निघाली. संत तुकारामनगरचं वायसीएम. महापालिकेचं रुग्णालय, केसपेपर काढायला कार्ड लागत नाही, रेफरल लागत नाही. मानसोपचाराच्या ओपीडीत भाऊ नियमित जायला लागला आणि सरकारी शिक्क्याचे कागद जमायला लागले. जुना इतिहास विचारला गेला तेव्हा आईने एक प्लॅस्टिकची पिशवी पुढे केली. २००६ पासूनचं प्रत्येक प्रिस्क्रिप्शन तिने ठेवलं होतं, औषधाच्या दुकानाच्या बिलासकट. आजार कधीपासून आहे, या प्रश्नाचं उत्तर त्या पिशवीत होतं. मी आयुष्यात एवढं चांगलं डॉक्युमेंटेशन पाहिलेलं नाही.

प्रमाणपत्रासाठी आता अर्ज ऑनलाइन होतो, युडीआयडीच्या पोर्टलवर. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्यात मानसिक आजार आहे, स्वमग्नता आहे, बौद्धिक अक्षमता आहे, आणि शिकण्यातली विशिष्ट अडचणसुद्धा आहे, जिला आपण आपल्या वेळी ‘ढ’ म्हणायचो. अर्ज भरणं सोपं. अवघड असतो तो बोर्डाचा दिवस.

मानसिक आजाराचे टक्के ठरवायला एक मोजपट्टी आहे. माणूस स्वतःची काळजी कितपत घेतो, माणसांशी कसा वागतो, बोलणं-समजणं कसं आहे, काम करू शकतो का, आणि आजार किती वर्षांचा आहे, यावर गुण देतात. गुण जितके जास्त तितकं अपंगत्व जास्त. आता आमचं घर पडलं फौजी. अण्णांनी त्या दिवशी पोराची दाढी करून घेतली, शर्टाला कडक इस्त्री केली, बूट चकाकवले. भाऊ आत गेला आणि सावधान उभा राहिला. अंघोळ स्वतः करतोस का? ‘हो सर.’ जेवण? ‘हो सर.’ मित्र आहेत का? ‘हो सर.’ डॉक्टर आमच्याकडे बघायला लागले. समोर बसलेला मुलगा तर ठणठणीत दिसतोय!

मग आईला बोलावं लागलं. त्याच्या देखत. तो आठ-आठ दिवस अंघोळ करत नाही. मागं लागल्याशिवाय जेवत नाही. त्याचा शेवटचा मित्र २०११ मध्ये घरी आला होता. दुकानातून दूध आणायला पाठवलं तर कधी तासाने येतो, कधी येतच नाही. इतकी वर्षं जे झाकलं, ते तिला एकेक करून टेबलावर ठेवावं लागलं, आणि तेही गुण मिळावेत म्हणून. भाऊ खाली बघत होता. बाहेर आल्यावर तो आईला म्हणाला, ‘दुधाचं खरंय. बाकीचं तू जरा वाढवून सांगितलंस.’ तिने वाढवून सांगितलं नव्हतं, पण ती ‘हो रे’ म्हणाली.

तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर एवढंच करा. आदल्या रात्री सगळं कागदावर लिहून ठेवा, चांगल्या दिवसांचं आणि वाईट दिवसांचं, आणि तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या. तोंडाने बोलावं लागलं नाही तर बरं.

पहिलं प्रमाणपत्र तात्पुरतं मिळालं, त्यावर ईसीएचएसमध्ये गाडी पुढे सरकेना. मध्ये कोविडची दोन वर्षं गेली. पुन्हा बोर्ड, पुन्हा इस्त्रीचा शर्ट. अण्णा ऐकतच नाहीत. २०२२ मध्ये कायमचं प्रमाणपत्र आणि त्यामागून कार्ड. आता दर महिन्याला अण्णा स्वतः त्याला घेऊन त्या रांगेत बसतात. एखादं औषध तिथे नसलं तर नसल्याचा शेरा मारून घ्यायचा आणि बाहेरून आणायचं, हेही त्यांना पाठ झालंय. कुणी विचारलंच, पोराला काय झालंय, तर सांगतात, ‘डोक्याची बीमारी आहे, औषध चालू आहे. तुमचा गुडघा कसा आहे?’

कार्डाहून मोठा प्रश्न वेगळाच. आईवडिलांनंतर काय? सैनिकाच्या आणि त्याच्या पत्नीच्या पश्चात, स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या अपंग मुलाला हयातभर कौटुंबिक निवृत्तिवेतन मिळू शकतं, आणि त्यातही मानसिक आजार येतो. आधी अट होती की मुलाचं उत्पन्न महिन्याला ९००० रुपये अधिक महागाई भत्ता यापेक्षा कमी हवं. २०२१ मध्ये ती सैल झाली. आता त्याचं स्वतःचं उत्पन्न त्याला मिळू शकणाऱ्या पेन्शनपेक्षा कमी असलं की चालतं. हा बदल कागदावर छोटा दिसतो. पण भाऊ आता रोज चार तास एका ओळखीच्यांच्या वर्कशॉपमध्ये नट-बोल्ट मोजून पिशव्या भरतो. त्याचे सहा हजार येतात. पहिल्या पगारातून त्याने अण्णांना मफलर आणला. पेन्शन जाईल या धाकाने त्याला आयुष्यभर घरी बसवून ठेवायला लागणार नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मात्र मुलाची नोंद आईवडील हयात असतानाच करून घ्या. आम्ही डिस्चार्ज बुक बघितलं तर भावाचं नाव होतं, जन्मतारखेत एका महिन्याचा फरक होता. ती दुरुस्ती बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसमार्फत, मग पेन्शनचं प्रकरण प्रयागराजला. अण्णांची सही लागली, अण्णांना सही करता येत होती. उद्या मी एकटी असते तर? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या कल्याण संघटकांनी अर्जाचा मसुदा बघून दिला, दोन चुका काढल्या. तिथे आधी जा. आपल्याला वाटतं ते कार्यालय फक्त शिष्यवृत्ती आणि ध्वजदिनाच्या निधीचं.

एवढ्या मोठ्या आजाराची गोष्ट ऐकून घाबरून जाऊ नका. बहुतेक घरांत एवढं नसतं. बाप चोवीस वर्षं सुट्टीपुरता घरी होता, आणि आता कायमचा आला, सकाळी साडेपाचला पंखा बंद करतो, दहावीतल्या पोराला ‘फॉल इन’ म्हणतो. पोरगं खोलीचं दार लावून घेतं. याला आजार म्हणत नाहीत, पण यावरही बोलायला माणूस लागतो. टेली-मानसचा नंबर आहे १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. लष्करातल्या लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी त्याचा एक खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला, तोही आपल्या पुण्यातच, एएफएमसीत. नंबर आत्ताच मोबाईलमध्ये टाका. फोटो नंतर पाठवा.

आणि ज्यांचा मुलगा आज एकवीस-बावीसचा आहे आणि ज्यांना आतून काहीतरी ठाऊक आहे, त्यांनी कार्ड काढा. आजच्या तारखेला ते चालू आहे. पॉलिक्लिनिकमधून रेफरल घ्या, म्हणजे पहिला कागद सरकारी शिक्क्याचा होईल. पंचविशीनंतर तोच कागद मिळवायला काय लागतं ते सांगून झालं.

माझं भाषण लांबलं, संयोजक घड्याळ दाखवताहेत. जेवणानंतर मी जुन्या प्रयोगशाळेच्या ओट्यावर बसणार आहे, लॅपटॉप आणला आहे. कुणाला काही बघून घ्यायचं असेल तर या. डिस्चार्ज बुक आणि पीपीओचा फोटो मोबाईलमध्ये असला तर पुरे. नसला तर घरी फोन करून मागवून घ्या, तोवर मी श्रीखंडाची दुसरी वाटी संपवते. अण्णाही आलेत, मागच्या दाराशी उभे आहेत. आल्यागेल्याची नोंद ठेवताहेत, सवयीने.